परमुलखातील श्वानसंसार

बर्लिन शहराच्या पश्चिमेस पसरलेल्या ग्रूनेवाल्ड नामक अरण्याचा एक विस्तीर्ण भाग कुत्र्यांच्या मुक्त संचारासाठी राखून ठेवलेला आहे. नोकरीच्या निमित्ताने पुष्कळ वर्षे त्या शहरात राहिलेले आणि दोन कुत्र्यांचे पालक असलेले एक मराठी गृहस्थ रविवारी सकाळी तेथे फिरावयास जातात. त्यांची पुतणी पुण्याहून संशोधनासाठी नुकतीच बर्लिनला आली असून, मागे राहिलेली आपली दोन कुत्री येथे आणावीत किंवा नाही, या विवंचनेत आहे. ऑक्टोबरच्या आरंभी, पानगळ सुरू झालेली असता, तळ्याच्या काठाने चालताना त्या दोघांत झालेले हे संभाषण आहे.

पुतणी : काका, एवढी कुत्री येथे मोकळी हिंडत आहेत, एकमेकांना हुंगतात, क्षणभर पाठलाग करतात आणि आपापल्या माणसामागे निघून जातात. आमच्या गल्लीत परक्या गल्लीतले एक कुत्रे शिरले तरी अर्धी रात्र कोणाला झोप लागत नाही. येथल्या कुत्र्यांची जातच सौम्य म्हणावी काय?

काका : जातीशी त्याचा संबंध थोडा. हा बाजी तुमच्याच पुण्यातला, नदीकाठी भर पावसात सापडलेला अस्सल गावठी. आणि तो पाहा, त्या थोराड जर्मन कुत्र्याशी किती सलोख्याने वागतो आहे! गल्लीतल्या कुत्र्याला ज्याचे रक्षण करायचे असते, म्हणजे उकिरड्यावरचे अन्न, पिलांची जागा आणि रात्री निजण्यापुरता आडोसा, त्यांपैकी काहीच येथे पणाला लागलेले नसते. ही जागा कोणाही कुत्र्याचे वतन नव्हे. प्रत्येकाचे पोट घरी भरलेले आहे, आणि बहुतेकांना लहानपणापासून इतर कुत्र्यांच्या सहवासाची व माणसाच्या हाकेला परतण्याची सवय लावलेली आहे. ज्याचे कुत्रे हाकेसरशी माघारी येत नाही त्याने दोरी सोडू नये, हा दंडक येथे येणारी माणसे स्वतःच पाळतात. तळ्याकाठचा तो जुना वाडा ब्रांडेनबुर्गचा राज्यकर्ता (इलेक्टर) दुसरा योआखिम याने १५४२ साली शिकारीसाठी बांधला; म्हणजे कुत्री या रानात चारशेहून अधिक वर्षे येत आहेत, फरक इतकाच की तेव्हा ती राजाच्या चाकरीत होती.

पुतणी : मग अरण्याबाहेर पडताच सगळ्यांच्या गळ्यात दोरी का येते? स्टेशनावर तर काहींच्या तोंडाला मुसकेही पाहिले.

काका : कारण अरण्याबाहेरची जागा कुत्री नको असलेल्या माणसांचीही आहे. बर्लिनचा श्वानविषयक कायदा २०१६ चा, आणि शहरभर दोरी बंधनकारक करणारी त्याची तरतूद २०१९ च्या आरंभापासून अमलात आली. कायदा येण्यापूर्वीपासून पाळलेल्या कुत्र्यांना आणि आपल्या ज्ञानाची परीक्षा देऊन दाखला मिळविलेल्या पालकांना त्यात काही सवलती आहेत. परंतु इमारतीचे जिने, स्थानके, आगगाड्या अशा गर्दीच्या ठिकाणी दोरी एक मीटरहून लांब ठेवण्याची मुभा कोणालाच नाही. मुलांच्या खेळण्याच्या जागी आणि स्नानाच्या घाटांवर कुत्र्यांना मज्जाव आहे. विष्ठा उचलण्यासाठी पिशवी जवळ बाळगणे हेदेखील कायद्याने आवश्यक ठरविले आहे. लांब पल्ल्याच्या आगगाडीत मांजराएवढे कुत्रे पिंजऱ्यात बसवून फुकट नेता येते. त्याहून मोठ्याला मात्र तिकीट लागते, आणि दोरीबरोबर मुसकेही. माझी ठकी प्रथम मुसके पाहून थरथरत असे. तेव्हा मी कित्येक दिवस ते नुसते तिच्या ताटाशेजारी ठेवले, नंतर त्याच्या आत खाऊ ठेवला, आणि ती आपण होऊन त्यात तोंड घालू लागल्यावरच पट्टा आवळला. येथल्या बऱ्याचशा गोष्टी अशा धीमेपणानेच साधतात.

पुतणी : बाबा सांगत होते की येथे कुत्र्यावर कर द्यावा लागतो. मला ते खरेच वाटेना. घराला कर, उत्पन्नाला कर, हे समजते. परंतु जो प्राणी काही मिळवीत नाही, त्याच्यावर सरकारने महसूल बसवावा हे कसे?

काका : हा कर जुना आहे. नेपोलियनकडून पराभूत झालेल्या प्रशियाच्या खजिन्यात युद्धखंडणी भरण्याइतका पैसा उरला नव्हता. त्या निकडीतून १८१० साली ज्या चैनीच्या वस्तूंवर कर बसविण्यात आला, त्यांत कुत्र्याचाही समावेश होता. तो हुकूम लवकरच मागे घेतला गेला, पण कल्पना टिकली, आणि आज हा कर नगरपालिकांच्या हातात आहे. बर्लिनमध्ये पहिल्या कुत्र्यामागे सालीना १२० युरो आणि पुढच्या प्रत्येकामागे १८० युरो. माझे दोघांचे मिळून ३०० होतात. २०२३ साली सबंध जर्मनीत या करापोटी सुमारे ४२ कोटी युरो जमा झाले. कराची रक्कम सर्वसाधारण तिजोरीत जाते, कुत्र्यांच्याच सोयीवर खर्च झाली पाहिजे असा नियम नाही, आणि याबद्दल येथील श्वानपालक कुरकुर करतात. मला कराची तक्रार नाही. परंतु पेन्शनीवर एकटी राहणारी म्हातारी बाई आणि दोन मोटारी बाळगणारा सावकार या दोघांकडून सारखेच १२० युरो घेणे हे मला न्यायाचे वाटत नाही. अंध माणसाच्या वाटाड्या कुत्र्याला करमाफी आहे. तशीच त्या बाईच्या एकाकीपणाची दखल घेतली जावयास हवी होती.

पुतणी : कर भरला की संपले?

काका : छे! ती केवळ एक नोंद. कुत्र्याच्या कातडीखाली मायक्रोचिप हवी. २०२२ पासून शहराच्या स्वतंत्र दप्तरात त्याचे नाव दाखल करावे लागते. आणि किमान १० लाख युरोंच्या नुकसानीची हमी देणारा विमा उतरावा लागतो. विम्याचे कारण नीट समजून घे. येथील दिवाणी संहिता १९०० पासून अमलात आहे, आणि तिच्या ८३३ व्या कलमाप्रमाणे घरी हौसेने पाळलेल्या प्राण्याने कोणाचे नुकसान केले तर पालकाची चूक होती की नव्हती, हा प्रश्नच उपस्थित होत नाही. भरपाई त्यानेच द्यायची. समज, तुझी चांदणी रस्त्यात एकदम धावली, सायकलवाला तिला चुकविण्यासाठी पडला, आणि त्याचा खांदा कायमचा निकामी झाला. तर त्याच्या उपचाराचा आणि बुडालेल्या मिळकतीचा खर्च तुझ्यावर आयुष्यभर राहील. म्हणून विम्याची पावती ही या देशात कुत्र्याच्या पट्ट्याइतकीच आवश्यक मानतात. ग्रूनेवाल्डमधला हा मोकळेपणा तुला जो मोहवितो, तो या सगळ्या दस्तऐवजांच्या पायावर उभा आहे. कुत्र्याला स्वातंत्र्य, आणि त्याच्या प्रत्येक कृत्याचा जामीन माणूस.

पुतणी : पण या व्यवस्थेत बेवारशी कुत्री कोठे गेली? मी आल्यापासून रस्त्यावर एकही पाहिले नाही.

काका : हा प्रश्न विचारलास हे बरे केलेस, कारण येथे येणारा भारतीय माणूस हे दृश्य पाहून केवळ कौतुक करतो आणि त्यामागचा इतिहास विसरतो. एकोणिसाव्या शतकात रेबीजच्या भयाने युरोपातल्या शहरांनी कुत्र्यांविरुद्ध अतिशय कठोर उपाय योजले. मुसके बांधण्याची सक्ती झाली. कराचा बिल्ला नसलेली कुत्री पकडून ठार करण्यात येऊ लागली. रस्त्यावरचे कुत्रे नाहीसे झाले ते प्रथम या निर्दयतेमुळे. करुणेचा भाग नंतरचा. १८४१ साली बर्लिनमध्ये प्राणिरक्षणासाठी एक संस्था स्थापन झाली. तिचाच आजचा आश्रम शहराच्या ईशान्य टोकाला फाल्केनबेर्ग येथे आहे. २००१ साली उघडलेला, सुमारे १६ हेक्टर विस्ताराचा, काँक्रीट आणि पाणी यांनी रचलेला तो आश्रम तू एकदा पाहून ये. सोडून दिलेले कुत्रे आज तेथे जाते, रस्त्यावर राहत नाही. आणि ते घरी नेऊ म्हणणाऱ्या माणसाची एवढी विचारपूस होते की लग्नाच्या बैठकीत मुलाकडच्यांचीही होत नसेल. तू दिवसातून किती तास बाहेर असतेस, घर कितव्या मजल्यावर आहे, आजारी पडलीस तर कुत्रे कोण सांभाळील, हे सर्व ते विचारतात.

पुतणी : आणि रेबीज?

काका : तो येथे कोल्ह्यांत होता. १९८३ पासून लस भरलेली आमिषे रानात टाकून कोल्ह्यांनाच लस देण्याचा प्रयोग सुरू झाला, पुढे विमानांतून ती आमिषे सोडण्यात आली, आणि २००८ मध्ये जमिनीवरच्या प्राण्यांतील रेबीजपासून जर्मनी मुक्त असल्याचे जाहीर झाले. याउलट, जगात रेबीजने मरणाऱ्या माणसांपैकी सुमारे एक तृतीयांश माणसे भारतात मरतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यांत लहान मुले पुष्कळ असतात. आपल्या गल्लीतल्या कुत्र्यांवर माझे प्रेम आहे. परंतु ते प्रेम लस टोचण्याइतके पुढे जात नाही, तोवर ते अपुरे आहे, असे मी येथे राहिल्यावर मानू लागलो. भारतातून येणाऱ्या कुत्र्याची एवढी कसून तपासणी का होते, हे तुला यावरून उमजेल.

पुतणी : ते कागदपत्रांचे मी विचारणारच आहे. आधी घराचे सांगा. मी सध्या राहते ती खोली सोडावी लागणार. नवा घरमालक कुत्रे चालणार नाही म्हणाला तर?

काका : छापील भाडेकरारात कुत्री व मांजरे पाळण्यास सरसकट मनाई करणारे कलम घालता येत नाही, असा निवाडा येथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने मार्च २०१३ मध्ये दिला. शेजाऱ्यांचे हित, घराचा आकार, कुत्र्याचा स्वभाव यांची तुलना करून प्रत्येक प्रकरण स्वतंत्रपणे ठरवावे, असे न्यायाधीशांनी म्हटले. परंतु हा निवाडा भाडेकरू झालेल्याला उपयोगी. भाडेकरू होऊ इच्छिणाऱ्याला नव्हे. बर्लिनमध्ये एका घरासाठी शेकडो अर्ज पडतात, आणि मालकाला तुझा अर्ज बाजूला सारण्यासाठी कारण देण्याची गरज नसते. म्हणून अर्जासोबत विम्याची प्रत जोड, पूर्वीच्या शेजाऱ्याचे एखादे पत्र जोड, आणि कुत्र्याची माहिती लपवू नकोस. लपवून मिळविलेल्या घरात तुला रोज जिन्यावरून चोरासारखे उतरावे लागेल, आणि ते कुत्र्यालाही कळेल.

पुतणी : समजा घर मिळाले. मग दिवस कसा जातो? मला कायद्यापेक्षा त्याचीच धास्ती अधिक आहे.

काका : धास्ती वाटावी असाच तो विषय आहे, विशेषतः हिवाळ्याचा. डिसेंबरात येथे सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवतो आणि दुपारी चारच्या आत मावळतो. म्हणजे तू प्रयोगशाळेत जाशील तेव्हा अंधार, आणि परतशील तेव्हाही अंधार. पुण्याच्या घरात मागचे दार उघडले की कुत्रे अंगणात जाते. येथे तिसऱ्या मजल्यावरून, बूट, कोट, कानटोपी, मोजे चढवून, त्याच्या अंगावरही कोट चढवून, पहाटे, दुपारी, संध्याकाळी आणि झोपण्यापूर्वी एकदा खाली उतरावे लागते, मग अंगात ताप असो की बाहेर बर्फ. आपल्या गावठी कुत्र्याची लव आखूड, कातडी पातळ, त्यामुळे थंडीचा पहिला तडाखा त्याला जड जातो. बाजी पहिल्या वर्षी बर्फावर पाय टेकला की तो उचलून माझ्याकडे बघत उभा राही. रस्त्यावर टाकलेली बारीक खडी आणि मीठ पंजांच्या भेगांत शिरते, म्हणून घरी आल्यावर कोमट पाण्याने पाय धुऊन, कोरडे करून, मेणाचा लेप लावावा लागतो. आणि जूनमध्ये नेमके उलट: पावणेपाचच्या आत उजाडते, साडेनऊपर्यंत प्रकाश, आणि गवतात गोचिडी. त्यांच्यापासून होणारा बोरेलिओसिस येथे सर्वांच्या परिचयाचा आहे. पण आपल्याकडच्या गोचीड-तापाचा अनुभव येथील प्रत्येक पशुवैद्याला असेलच असे नाही, म्हणून निघण्यापूर्वी पुण्यात रक्ततपासणी करून तिचा अहवाल बरोबर आण.

पुतणी : आणि दिवसभर एकटे राहिले तर?

काका : २००१ पासून येथे कुत्र्यांच्या पालनाविषयी स्वतंत्र नियमावली आहे, आणि तिच्यात २०२२ साली बरीच सुधारणा झाली. कुत्र्याला उघड्यावर पुरेसे हिंडावयास मिळाले पाहिजे, सांभाळणाऱ्या माणसाचा सहवास त्याला दिवसातून अनेकदा लाभला पाहिजे, हे तिच्यात लिहिलेले आहे; शिकविण्यासाठी काटेरी पट्टा वापरण्यास बंदी झाली, आणि २०२३ पासून कुत्रे साखळीने खुंटाला बांधून ठेवणेही, काही अपवाद सोडता, निषिद्ध ठरले. दिवाणी संहितेत १९९० साली प्राणी म्हणजे वस्तू नव्हे असे कलम घालण्यात आले, आणि २००२ मध्ये प्राणिरक्षणाला राज्यघटनेतच स्थान मिळाले. त्यामुळे आठ-नऊ तास कोंडून ठेवलेले कुत्रे रडत असेल, तर शेजारी प्रथम दार वाजवितो, आणि नंतर सरकारी पशुवैद्यक खात्याला कळवितो. तुझ्या प्रमुखांना आताच विचार. कित्येक कचेऱ्यांत कुत्रे पायाशी बसलेले चालते, परंतु प्रयोगशाळेत ते शक्य नसणार. मग दुपारी फिरवून आणणारा माणूस ठेवावा लागेल, आणि तुझ्या विद्यावेतनातून तो खर्च भागतो का, हा हिशेब कागदावर मांडावा लागेल. वैद्याचे दर सरकारी दरपत्रकाने ठरलेले असतात. नोव्हेंबर २०२२ पासूनच्या दरपत्रकात साध्या तपासणीचा मूळ आकार करांव्यतिरिक्त २३.६२ युरो आहे, पण वैद्य त्याच्या तिपटीपर्यंत आकारणी करू शकतो, आणि अवेळी नेले तर त्याहूनही अधिक.

पुतणी : काका, तुम्ही सांगता आहात त्यात सर्व बंधनेच आहेत. मग तुम्ही हा संसार इतकी वर्षे का केलात?

काका : कारण या शहरात माझी पहिली ओळख बाजीनेच करून दिली. मी आलो तेव्हा कचेरी आणि घर यांखेरीज तिसरी जागा मला ठाऊक नव्हती. एकटा परदेशी माणूस रस्त्याने चालला तर त्याच्याशी कोणी बोलत नाही; त्याच्यासोबत कुत्रे असले की ते थांबते, दुसरे कुत्रे थांबते, आणि मग दोन माणसांना थांबावे लागते. माझे जर्मन वर्गात जेवढे सुधारले नाही, तेवढे कोपऱ्यावरच्या झाडाखाली सुधारले. समोरच्या इमारतीतल्या एका वृद्ध बाईला कित्येक महिने मी तिच्या कुत्र्याच्याच नावाने ओळखत होतो. ती एकदा घरी आली, आणि स्वयंपाकघरातली दत्ताची तसबीर पाहून विचारू लागली की देवाच्या पायाशी ही चार कुत्री कोणती. चार वेदांचे रूप म्हणून आम्ही त्यांना मानतो, असे सांगताच ती बराच वेळ त्या चित्रापुढे उभी राहिली, आणि म्हणाली की आमचा राजाही आपल्या कुत्र्यांशेजारीच निजला आहे. ती प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिकविषयी बोलत होती. पोट्सडाममधल्या सांसूसी वाड्याच्या गच्चीवर आपल्या लाडक्या कुत्र्यांजवळ आपणांस पुरावे, अशी त्याची इच्छा होती; १७८६ साली तो वारला तेव्हा वारसदाराने ती मानली नाही, आणि ठीक २०५ वर्षांनी, १७ ऑगस्ट १९९१ रोजी, त्याचे अवशेष तेथे आणण्यात आले. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघे, तिच्या आणि माझ्या कुत्र्यांसह, ती समाधी पाहून आलो. हा संवाद मला एरव्ही कोठे लाभला असता? पण बंधन आहे हे खरे. आईला बरे नसल्याचा फोन आला, त्या रात्री मला विमानाचे तिकीट दोन तासांत मिळाले. कुत्र्यांना कोठे ठेवावे याची व्यवस्था होईपर्यंत मात्र सकाळ उजाडली. तेव्हा त्याच बाईने दोघांनाही ठेवून घेतले. परदेशात कुत्रे पाळणाऱ्याने असा एक शेजारी जोडलाच पाहिजे, आणि त्याच्या कुत्र्यासाठी स्वतःही तसेच उभे राहिले पाहिजे.

पुतणी : दिवाळीत आमचा मोती पलंगाखालून बाहेर येत नाही. येथे तेवढा तरी सुटेल.

काका : तो सुटणार नाही. येथे ३१ डिसेंबरची रात्र असते. फटाके वर्षाच्या अखेरच्या तीनच दिवसांत विकावयास परवानगी आहे, त्यामुळे सबंध वर्षाची दारू एकाच रात्री उडते, आणि बर्लिनमध्ये तो आवाज आपल्या लक्ष्मीपूजनाला मागे टाकील असा असतो. त्या रात्री शेकडो कुत्री दोरी तोडून पळतात. म्हणून चिप केवळ टोचून घेऊन भागत नाही. तिचा क्रमांक हरवलेल्या प्राण्यांच्या नोंदवहीत, आपल्या पत्त्यासह, आपणांस दाखल करावा लागतो. ही नोंद फुकट होते, आणि ती न करणारे लोक आहेत याचे मला दरवर्षी दुःख होते.

पुतणी : आता प्रवासाचे सांगा. कागद कोणते, आणि वेळ किती?

काका : क्रम चुकला तर सर्व व्यर्थ जाते, म्हणून लक्षपूर्वक ऐक. प्रथम चिप, आंतरराष्ट्रीय मानकाची. रेबीजची लस चिपेच्या नंतर किंवा फार तर त्याच वेळी टोचलेली असली पाहिजे. चिपेपूर्वीची लस युरोपच्या दृष्टीने नसल्यासारखीच. लशीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढावयाचे, आणि ते युरोपीय संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेत पाठवावयाचे. त्यात प्रतिपिंडांचे प्रमाण दर मिलिलिटरला किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक भरले पाहिजे. भारत हा संघाच्या सवलतीच्या यादीत नसल्यामुळे, रक्त काढल्याच्या तारखेपासून तीन महिने थांबल्याखेरीज कुत्र्याला प्रवेश नाही. म्हणजे कमीत कमी चार महिने धरून चाल. शेवटी, निघण्याच्या बेताला, मुंबईच्या केंद्रीय पशू-संगरोध कचेरीतून आरोग्याचा दाखला घ्यावयाचा. तो येथे पोहोचण्यापूर्वीच्या दहा दिवसांतला असावा लागतो. आणि तू स्वतः, किंवा तू लेखी अधिकार दिलेल्या माणसाने, कुत्र्याच्या प्रवासाच्या आगेमागे पाच दिवसांच्या आत प्रवास केला पाहिजे. नाहीतर ती व्यापारी आयात समजली जाते. येथे आल्यावर पशुवैद्याकडून युरोपीय पारपत्र करून घे. त्यात त्या रक्ततपासणीची नोंद झाली आणि पुढची लस एकही दिवस न चुकता मिळत राहिली, तर भारतात जाऊन परतताना पुन्हा तीन महिने थांबावे लागत नाही.

पुतणी : विमानात दोघांनाही सामानाबरोबर खाली ठेवतील?

काका : आसनाखालच्या पिंजऱ्यात बसेल असे लहान कुत्रे जवळ नेता येते, कित्येक कंपन्यांत पिंजऱ्यासह आठ किलोच्या आसपास मर्यादा असते, तुझी दोन्ही त्याहून मोठी. खालच्या ज्या कप्प्यात त्यांना ठेवतात तेथे हवेचा दाब आणि उष्णता राखलेली असते, परंतु अंधार, आवाज आणि एकटेपणा हे टळत नाहीत. झोपेचे औषध देऊ नये, असेच जाणते वैद्य सांगतात, कारण उंचीवर श्वास आणि रक्तदाब यांवर त्याचा काय परिणाम होईल याचा भरवसा नसतो. उपाय एकच: पिंजरा आधीपासून घरात ठेवावा, त्यात अंथरूण घालावे, त्यातच जेवण द्यावे, म्हणजे निघण्याच्या दिवशी ते त्याचे स्वतःचे घर झालेले असते. बाजीला मी फ्रांकफुर्टला उतरविले होते. तेथील विमानतळावर प्राण्यांसाठी मोठे स्वतंत्र विश्रामस्थान आहे. कागद तपासून झाल्यावर त्याला घेऊन मी आगगाडीने बर्लिनला आलो, आणि सबंध वाटेत तो माझ्या बुटावर हनुवटी ठेवून पडून होता.

पुतणी : काका, चांदणी तीन वर्षांची आहे, ती सोसेल. मोतीला बारा पुरी झाली. त्याचे काय करू?

काका : मोती कोठे निजतो?

पुतणी : आजीच्या खोलीत. पहाटे ती उठली की तिच्याबरोबर अंगणात जातो, तिची पूजा होईपर्यंत दारात बसतो.

काका : मग त्याला आणू नकोस. मला हे बोलताना जड जाते, कारण ती माझी आई आहे, आणि तिच्या सोबतीला मी नाही, तू नाहीस, मोती आहे. बारा वर्षांच्या कुत्र्याची दृष्टी, कान आणि सांधे त्याने पाठ केलेल्या घराच्या आधारावर चालत असतात. कितवी पायरी झिजलेली आहे हे त्याला पायांनी ठाऊक असते. ते घर काढून घेतले तर आपले प्रेम त्याला पुरे पडेल, असा आपला समज असतो. परंतु ते प्रेम त्याला तिसऱ्या मजल्यावर, बर्फात, परक्या वासांच्या शहरात भेटणार, दिवसातून दोन वेळा, तू कामावरून दमून आल्यावर. आपल्या एकटेपणाला उतारा म्हणून त्याला आणणे हा त्याच्यावर अन्याय होईल. चांदणी तरुण आहे, माणसाळलेली आहे, ती येथे रमेल, आणि ठकी तिला बर्फात चालावयास शिकवील.

पुतणी : तो मला विसरेल.

काका : तो विसरणार नाही. तू वर्षातून एकदा जाशील तेव्हा पाहशील. मात्र त्याच्या औषधपाण्याचा खर्च तू आपल्याकडे घे, आणि दर महिन्याला वैद्याला घरी बोलाविण्याची व्यवस्था बाबांकडून करून ठेव. आईला त्याला दवाखान्यात नेणे आता झेपत नाही.

पुतणी : आणि चांदणीची चिप? ती गेल्या वर्षी बसविली, पण लस त्याआधीची आहे.

काका : मग ती लस धरू नकोस. मुंबईच्या उन्हाळ्यापूर्वी, फेब्रुवारीत तिला आणावयाची असेल, तर या आठवड्यातच नवी लस टोचली पाहिजे. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात रक्त, आणि तेथून तीन महिने. आता तेथे दुपार झाली असेल; घरी पोहोचताच बाबांना फोन कर. लस देण्यापूर्वी वैद्याने यंत्राने चिप वाचून तिचा पंधरा आकडी क्रमांक दाखल्यावर उतरवावा, लशीच्या बाटलीवरची पट्टी शेजारी चिकटवावी, तारीख अक्षरांतही लिहावी, आणि सही व शिक्का स्पष्ट उमटावा, एवढे त्यांना सांग. पिंजराही उद्याच मागव.